चौथी डबी

२ मार्च

गाडी आली. शोरूमवाल्यांनी गाडीबरोबर एक कीचेन, काचेला चिकटवायचं अत्तर आणि ही डायरी दिली. अत्तर तिथल्या तिथे परत केलं. डायरी ठेवली, कारण नव्या गाडीच्या खोडी लिहून ठेवायला कुठेतरी जागा हवीच होती. आणि खोडी पहिल्याच दिवशी सुरू झाल्या आहेत.

पहिली खोड रंगाची. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी पांढरी असते. लांबून दिसावी आणि लोकांनी चार हात लांब राहावं, एवढ्यासाठी. मी पांढरी सांगितली होती, यांनी पिवळट दिली, चहा सांडलेल्या चादरीसारखी. शोरूममधल्या मुलीला विचारलं, ही पांढरी का? म्हणाली, हो सर, पांढरीच. बायकोला विचारलं, तर तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली पांढरी आहे हो, चला घरी. हिला चारचौघांत वाद नको असतो. मी त्या मुलीला सांगितलं, माझ्या याआधीच्या तीन डब्या वापरून झाल्यात, मला शेंडी लावू नका. तिने मला पाणी आणून दिलं.

जाता जाता: या डायरीच्या रेघा फारच फिक्या छापल्यात. फुकटात आणखी काय मिळणार.

४ मार्च

आज शिकवणी नाही. गॅरेजवाला माझ्या बाजूला दुसरा ब्रेक बसवतोय. शिकवणाऱ्याच्या पायाशी ब्रेक नसेल तर शिकवणाऱ्याने घरी बसावं हे बरं.

कंपनीने या गाडीला एक भारदस्त नाव दिलंय, पण ते कागदावर. लोक तिला डबीच म्हणतात. पहिली डबी खरोखर डबी होती. चौकोनी, पातळ पत्र्याची, दार लावलं की झाकण लागल्यासारखा आवाज यायचा. काच खाली करायला हँडल फिरवायचं, तेही महिन्यातून एकदा हातात यायचं. मी त्या गाडीवर शिकवायला लागलो तेव्हा माझे केस काळे होते. दुसरी डबी गोलसर आली, तिला सगळे गोटी म्हणायचे. तिसरीचे दिवे असे वटारलेले की तिचं नाव चिडकी पडलं. आणि ही चौथी. हिच्यात पुढे टीव्ही आहे, ती मागे घेताना बोलते आणि पट्टा लावला नाही तर ओरडते. हिचं नाव मी शहाणी ठेवलंय.

दर वेळी गाडी बोटभर लांब झाली, बोटभर उंच झाली, दर वेळी जुने लोक म्हणाले की आता ती मजा नाही, आणि दर वेळी त्यांनीच जाऊन नवी घेतली. मीसुद्धा. कारण आतली गोष्ट बदलली नाही. डबीत बसलं की चारही कोपरे कुठे आहेत ते कळतं. गल्लीत वळते, दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मावते, बिघडली तर कुठलाही गॅरेजवाला नाक मुरडत नाही. मोठ्या गाडीत माणूस आधी स्वतःला आवरून बसतो. डबीत बसला की सरकून दुसऱ्याला जागा करतो. या भागात निम्म्या घरांची पहिली गाडी डबी आहे, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना ती मी शिकवलीय.

माझं स्कूल घराला लागूनच आहे, त्याच्या समोरचा औषधवाला तर अजून पहिलीच डबी वापरतो, लाल रंगाची. ती दुकानासमोर उभी असते आणि माझ्या स्कूलच्या उपयोगी पडते. माझ्याकडे कोणीही नवीन आलं की आधी दारात उभं करतो आणि म्हणतो, पलीकडच्या त्या लाल डबीचा नंबर वाचा. वाचला तर गाडीत बसायचं, नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन यायचं. यात दयामाया नाही. नंबर मला पाठ आहे: चार, एक, सात, दोन.

९ मार्च

नवी विद्यार्थिनी आली, सरकारी दवाखान्यातली नर्स. स्वभाव चांगला, हात स्थिर वाटला. दारात उभं केलं. तिने जराही न अडखळता वाचलं: सहा, आठ, तीन, पाच. एकही आकडा बरोबर नाही. म्हटलं, नीट बघा. तिने परत तेच वाचलं. चुकलेल्या माणसाला इतका विश्वास असला की तो रस्त्यावर फार धोक्याचा. म्हटलं, नर्सबाई, तुमच्या ड्यूट्या अवेळी, डोळ्यांवर ताण येतो, आधी दाखवून या. ती काहीतरी बोलणार होती. मी ऐकून घेतलं नाही. सगळेच काहीतरी बोलतात.

१२ मार्च

आज जे झालं ते बायकोला सांगितलेलं नाही.

दुसरी खोड कळली. काचेच्या दोन बाजूंचे खांब. शहाणीचे खांब इतके जाड केलेत की त्यांच्यामागे अख्खा माणूस लपतो. गॅरेजमधून एकटाच गाडी घेऊन येत होतो, चौकात वळलो आणि एक सायकलवाला उजव्या खांबामागून एकदम समोर. ब्रेक लागला. तो हँडल धरून नुसता बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की खांबामागे बघायचं असेल तर मान हलवा. मी मान हलवली होती. मला पक्कं आठवतंय, हलवली होती.

दिव्यांचंही तेच. संध्याकाळी समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती मोठं वर्तुळ दिसतं. गाडीची काच हलक्या प्रतीची असणार.

१३ मार्च

काच व्हिनेगरने पुसली. फरक नाही.

१७ मार्च

बँकेतला कॅशियर आला. उंच माणूस, डबीत बसताना गुडघे स्टिअरिंगला लागतात, तरी डबीच शिकायचीय, कारण त्याच्या बायकोला तीच आवडते. दारात उभं केलं. तो म्हणाला: सहा, आठ, तीन, पाच.

मी कपाळाला हात लावला. तेच आकडे, त्याच क्रमाने. म्हणजे नर्सबाईने याला आधी सांगून ठेवलेलं. विचारलं तर म्हणे, कोण नर्सबाई? परीक्षेत कॉपी होते हे माहीत होतं, पण चुकीच्या उत्तराची कॉपी मी पहिल्यांदा पाहिली. त्यालाही डॉक्टरकडे पाठवला.

ही दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने रस्त्यापलीकडे पाहिलं आणि आत निघून गेली. जेवताना एकदम विचारलं, तुमचं अक्षर एवढं मोठं कधीपासून झालं? म्हटलं, रेघा दिसत नाहीत ना या डायरीच्या.

१९ मार्च

आज बायको म्हणाली, मला गाडी शिकवा.

मला आधी थट्टा वाटली. लग्नानंतर तीन डब्या आल्या आणि गेल्या, या बाईने स्टिअरिंगला हात लावला नाही. एकदा शिकवायला बसलो होतो, तेव्हा ती कोपऱ्यावर उतरून चालत घरी आली आणि माझ्या आधी पोचली. म्हटलं, आता या वयात कशाला? मी आहे ना.

"शिकवता, की दुसरीकडे नाव घालू?"

असं विचारल्यावर बोलायला उरतं काय. पण नियम म्हणजे नियम, बायको असली म्हणून काय झालं. दारात उभी केली. तिने नंबर वाचला, सावकाश, एकेक आकडा, आणि वाचताना डबीकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त पाहत होती. सहा. आठ. तीन. पाच.

मला वाईट वाटलं, खरंच. तिचेही डोळे गेले आणि मला घरात राहून पत्ता नाही. मी हळू आवाजात म्हटलं, अगं, तुलाही दाखवून यावं लागेल. ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने चप्पल घातली आणि लगेच निघाली.

२० मार्च

ती आली. म्हणे डोळे ठणठणीत आहेत. नर्सबाईंचेही, कॅशियरचेही. डॉक्टरीणबाईंनी निरोप दिलाय की तुमच्याकडून आलेल्या तिघांचेही डोळे उत्तम आहेत, आता चौथा पेशंट पाठवा.

मला काही कळलं नाही. चौथा अजून आलेलाच नाही. या डॉक्टरीणबाई माझ्याच विद्यार्थिनी, गोटीवर शिकल्या. गाडी मागे घेताना त्यांना अंतर कधी कळलं नाही. अशा बाईने लोकांचे डोळे तपासावेत हेच नवल आहे. तरीपण तिघांना शिकवायला सुरुवात केली. किती जणांशी भांडू?

२९ मार्च

बायकोचा हात चांगला आहे, हे मान्य करावं लागेल. क्लच सोडताना गाडी हिसका देत नाही. पण तोंडाला टाळं नाही. रस्ताभर चालू: उजवीकडून सायकल येतेय, समोर खड्डा आहे, तो लाल शर्टवाला रस्ता ओलांडणार. म्हटलं, मला काय सांगतेस, मी बघतोय ना. म्हणाली, सांगितलं की माझं लक्ष राहतं. ठीक आहे. एक सांगतो, तिच्या बडबडीने मलाही बरं पडतं. तिच्याबरोबर असलो की मान आखडत नाही.

बाजारात हल्ली तीच गाडी नेते. सराव होतो म्हणून मी देतो. संध्याकाळचे वर्ग बंद केलेत. शहाणी ही संध्याकाळची गाडी नाही.

३ एप्रिल

खरं लिहायचं ठरवलं तर असं आहे. मला भीती वाटते. गाडी सुरू करताना तळहाताला घाम येतो, माझ्या, ज्याने लोकांचे घाम पुसले. खांब, काच, दिवे, सगळं लिहून झालं, पण माझाच हात गेलाय असं वाटतं. वय झालं की हात जातो, मी दुसऱ्यांचा गेलेला पाहिलाय. मग ते किल्ल्या खुंटीला लावतात आणि ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या मोजतात. मला दुसरं काही येत नाही. गाडी सुटली तर मी सकाळी उठून करायचं काय?

हिला सांगणार नाही. तिने आत्ता कुठे शिकायला घेतलंय, तिचं मन कशाला मोडा.

११ एप्रिल

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी हिच्या बहिणीकडे जायचं होतं. म्हटलं, आज मी चालवतो. ती माझ्या शिकवायच्या जागेवर बसली. बाजाराच्या क्रॉसिंगला आलो, रस्ता मोकळा होता, मी पुढे घेतली आणि गाडी जागच्या जागी थांबली. मी ब्रेकला पायही लावला नव्हता. हिने लावला होता, तिच्या बाजूचा. मी संतापलो. तोंडातून शब्द निघणार तोच बॉनेटच्या पुढून एक म्हातारा गेला, हातात दुधाची पिशवी, सावकाश, जणू आम्ही नव्हतोच. मग तो फुटपाथवर चढला.

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. मग मी सगळं सांगून टाकलं. सायकलवाला, तळहाताचा घाम, संध्याकाळचे वर्ग. म्हटलं, माझा हात गेला. किल्ल्या तू ठेव.

"हात नाही गेला तुमचा," ती म्हणाली. "उतरा. मी घरी नेते, मग तुम्ही मला नंबर वाचून दाखवा."

मी उतरून दुसऱ्या बाजूला बसलो. तिने गाडी घरी आणली, स्कूलच्या दारात मला उभं केलं, तिथेच, जिथे मी लोकांना उभं करतो. म्हणाली, वाचा. मी म्हटलं चार, एक, सात, दोन.

"पाठ म्हणू नका. वाचा."

मी पाहिलं. लाल डबी होती, लाल म्हणजे विटकरी, आणि तिच्या खाली एक पांढुरका पट्टा. पट्ट्यावर काही असेल तर असेल. ही म्हणाली, चला पुढे. रस्ता ओलांडला. तरी नाही. आणखी पुढे. औषधवाला काउंटरवरून बघत होता. शेवटी मी इतका जवळ गेलो की गुडघा बंपरला लागला, तेव्हा आकडे दिसले. सहा, आठ, तीन, पाच.

औषधवाला बाहेर आला आणि खाली बघत म्हणाला, सर, ही माझ्या भावाची. दोघांनी एकाच वेळी घेतल्या होत्या, एकाच रंगाच्या. तो परगावी गेला, त्याची चांगली राहिली होती म्हणून ती ठेवली आणि माझी विकली. फेब्रुवारीच्या शेवटीच. तुम्हाला सांगितलं होतं की. तेव्हा तुम्ही म्हणालात, हो हो, बघितली.

मी तसं म्हणालो असणार. माझा स्वभाव मला माहीत आहे.

१३ एप्रिल

चौथा पेशंट गेला.

डॉक्टरीणबाईंनी अंधाऱ्या खोलीत बसवून हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यांत उजेड मारला. मला वाटलं आता सांगणार की गाडी विसरा. त्या म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय, दिवसाढवळ्या चाचपडत कसे नव्हतात तेच आश्चर्य.

मी विचारलं, म्हणजे हात गेला नाही? त्या म्हणाल्या, कोणाचा हात? मी विचारलं, ऑपरेशन केलं की दिसेल? म्हणाल्या, दिसेल, बाकी डोळा निरोगी आहे. मग मला गाडी चालवता येईल? येईल, पण दोन्ही डोळे झाल्यावर आणि मी परवानगी दिल्यावर. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

जीव भांड्यात पडला. मी इतका हसलो की डॉक्टरीणबाईंना वाटलं मला नीट कळलं नाही, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. मी पुन्हा हसलो. एवढी चांगली बातमी मला गेल्या कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती. बाहेर आल्यावर ही भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि पदराने डोळे पुसत होती. म्हटलं, तू काय रडतेस, तुझे तर ठणठणीत आहेत.

मग विचारलं, हे तुला कधी कळलं? म्हणाली, शोरूममध्ये. शंका होती, कॅशियरच्या दिवशी खात्री झाली. मग तेव्हाच का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगून तुम्ही कधी ऐकलंय? डॉक्टरकडे जात नव्हता, किल्ली सोडत नव्हता. मग मीच शिकायचं ठरवलं. निदान ब्रेकपाशी तरी बसता येईल.



१५ एप्रिल

नर्सबाई आणि कॅशियर, दोघांची माफी मागितली. नर्सबाई म्हणाल्या, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण सर, तुम्ही बोलू कुठे देता. कॅशियरने एवढंच विचारलं की त्याने कॉपी केली नव्हती हे आता मी मानतो का. मानलं.

ऑपरेशनला जायला आणि यायला गाडी लागणार. भाड्याची करू म्हटलं, तर ही म्हणते, भाड्याची कशाला, त्याआधी माझी परीक्षा आहे.

८ मे

हिची परीक्षा झाली. परीक्षक तिच्या शेजारी बसला, मी बाहेर कट्ट्यावर. माझ्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा मी डोळ्यांत तेल घालून बघत आलो, आज नुसता एक पिवळा ठिपका लांब जाताना दिसला. मग कान लावून बसलो. चढावर थांबली ते ऐकू आलं. आता गाडी मागे सरकणार, आता इंजिन बंद पडणार, असं वाटत राहिलं. माझा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता. इंजिनचा आवाज जरा वाढला आणि गाडी वर गेली, एक हिसका नाही.

पास झाली. परीक्षक मला म्हणाला, कोणाकडे शिकल्या? मी म्हटलं, माझ्याकडे. मग म्हटलं, खरं म्हणजे तिची तीच शिकली.

१६ मे

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आज पट्टी काढली. डावा पुढच्या महिन्यात.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढून खिडकीशी उभं केलं. मला आधी वाटलं त्यांनी ट्यूबलाइट लावली. ती ट्यूबलाइट नव्हती, नुसती सकाळ होती. मग मी हिच्याकडे पाहिलं. केस किती पांढरे झालेत, आणि हनुवटीवरचा तीळ, तो मी विसरूनच गेलो होतो. म्हणाली, काय बघताय? म्हटलं, काही नाही, बघतोय.

खाली आलो. दवाखान्यासमोर एक डबी उभी होती, चौथी, पांढरी शुभ्र, डोळ्यांत भरावी अशी. मी हिला म्हटलं, बघ, याला म्हणतात पांढरी, हिच्या मालकाला बरी मिळाली. ती त्या गाडीशी गेली आणि किल्लीने दार उघडलं.

मी भर रस्त्यात उभा राहून उजवा डोळा मिटला. चहा सांडलेली चादर. उजवा उघडून डावा मिटला. पांढरी. परत उजवा मिटला, परत डावा. येणारेजाणारे बघत होते. मी ते पाच-सहा वेळा केलं आणि दर वेळी हसू आलं. मग गाडीत बसून खांब पाहिले. अंगठ्याएवढे. चिडकीचेही एवढेच होते. शोरूममधल्या त्या मुलीला एकदा भेटून यायला हवं.

हिने गाडी आणली, मधल्या रस्त्याने, गर्दीतून. बडबड नाही, सायकल नाही, खड्डा नाही. मी विचारलं, आज सांगत का नाहीस? म्हणाली, आता तुम्हाला दिसतंय.

घराशी पोचल्यावर मला वाटलं आत जायचं. तिने गाडी स्कूलच्या दारात थांबवली आणि मला उतरायला सांगितलं. औषधवाला काउंटर सोडून बाहेर आला. मी माझ्या जागेवर उभा राहिलो, डावा डोळा हाताने झाकला आणि रस्त्यापलीकडे पाहिलं. लाल म्हणजे लाल होती, आणि पट्ट्यावर आकडे होते, काळे, सुटे सुटे.

"सहा, आठ, तीन, पाच."

"बरोबर," ती स्टिअरिंगवरून म्हणाली. "बसा आता. बहिणीकडे जायचं राहिलंय."

मी तिच्या शेजारी बसलो, पट्टा लावला आणि पाय ब्रेकपासून लांब घेतले.